पुस्तकाला कुलूप, रस्ता फुकट

आज 12 ऑगस्ट. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. आज ठिकठिकाणी त्यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, एखाद्या ज्येष्ठ ग्रंथपालाला शाल-श्रीफळ मिळेल आणि भाषणांत डिजिटल युगाचा उल्लेख होईल. आम्हाला मात्र आज एका गल्लीबद्दल लिहायचे आहे.

गेल्या आठवड्यात शहराच्या जुन्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयासमोर संध्याकाळी आम्ही तासभर उभे होतो. गल्ली अरुंद. एका बाजूला सम तारखेची पाटी, दुसऱ्या बाजूला विषम तारखेची, आणि गाड्या मात्र दोन्ही बाजूंना. सत्तरी ओलांडलेले एक सभासद स्कूटरवरून आले. पायांशी कापडी पिशवी, पिशवीत दोन पुस्तके. त्यांनी एक चक्कर मारली, मागच्या रस्त्याने वळसा घालून दुसरी मारली. तिसऱ्या चकरेला वाचनालयाच्या दारात स्कूटर थांबवली आणि इंजिन बंद न करताच पायरीवरच्या शिपायाला हाक मारली. "एवढी जमा करून घे रे. नवीन पुढच्या वेळी नेतो." मागून रिक्षाचा हॉर्न वाजला आणि ते निघून गेले. देवघेवीच्या खिडकीपासून ते पंधरा पावलांवर होते.

आत ग्रंथपाल बाईंना हे सांगितले, तर त्यांना नवल वाटले नाही. "ते आता पुढच्या वेळी येतील न येतील," त्या म्हणाल्या. "दोघांनी या महिन्यात अनामत परत नेली. सगळे म्हणतात मोबाइलमुळे वाचक गेला. आमचे हे वाचक गाडी लावायला जागा नाही म्हणून गेलेत."

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांत त्या शांततेचा त्यांना इतका कंटाळा आला की पुन्हा वर्गावर पाठवा, अशी विनंती घेऊन ते आपल्या आधीच्या महाविद्यालयाकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन या आणि तरी हेच वाटले तर बघू, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनच्या मुक्कामात त्यांनी तिथली ग्रंथालये पाहिली. गल्लीतला माणूस आत येतो, पुस्तक घेतो, मुलाला सोबत आणतो, हे पाहिले आणि त्यांचे मन पालटले. तिथल्याच एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहताना, सुट्या तुकड्यांतून हवी ती रचना उभी करता येते, तशीच पुस्तकाच्या विषयाचीही करता येईल, हे त्यांना सुचले. त्यातून 1933 मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. त्याआधी, 1931 मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे.

त्याच 1931 च्या ऑक्टोबरात, रंगनाथन यांच्याच प्रेरणेने, तंजावर भागातल्या मन्नारगुडी इथून पुस्तकांनी भरलेली एक बैलगाडी आसपासच्या खेड्यांकडे निघाली. त्याच्याही वीस वर्षे आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून घेतले होते, आणि संस्थानातल्या गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या होत्या. वाचकाला पुस्तकापर्यंत येता येत नसेल, तर पुस्तकाने वाचकाकडे जायचे, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. त्याला तेव्हा बैल लागत, पेट्या लागत, वाटेतल्या नद्यांना उतार पडावा लागे. आज त्याला यातले काहीच लागत नाही. म्हणूनच आज आपण काय करतो आहोत, हे नीट पाहायला हवे.

वाचकाचा वेळ दोन ठिकाणी जातो, कपाटापाशी आणि रस्त्यावर. या दोन्ही ठिकाणी डिजिटल तंत्रज्ञान साधारण एकाच काळात येऊन पोचले. पुस्तकावर बारकोड चिकटला, तसा गाडीच्या काचेवर फास्टॅग चिकटला. कुठले पुस्तक कुठल्या फळीवर आहे हे संगणक सांगू लागला आणि कुठल्या मजल्यावर किती गाड्यांची जागा आहे हे वाहनतळाच्या दारातला फलक सांगू लागला. वरवर दोन्ही कामे एकाच जातीची: मर्यादित जागा, तिथे काही काळ विसावणारी वस्तू, आणि ती जागा किंवा वस्तू हवी असलेला पुढचा माणूस. पण या दोन्हींत एक मोठा फरक आहे. पुस्तकाची एकदा चांगली डिजिटल प्रत झाली, की ती एकाने वाचली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. रस्त्याचे तसे नाही. तिथे एक गाडी उभी राहिली की दुसरीला ती जागा नाही, मग संगणक कितीही हुशार असो. म्हणजे तंत्रज्ञानाने पुस्तकाची टंचाई खरोखर संपवता येते. रस्त्याची टंचाई फक्त मोजता येते, आणि मोजून नीट वाटता येते. आपला व्यवहार मात्र नेमका उलटा आहे. जे वाटून संपत नाही, ते आपण कुलपात ठेवतो. जे संपते, ते फुकट वाटतो.

आधी कुलपाबद्दल.

महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांचे वय मोठे आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे. ठाण्यात वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, मुंबईचे 1898 मध्ये. इथल्या कपाटांत जे आहे, ते अनेकदा दुसरीकडे कुठेच नाही. छपाईच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांतल्या मराठी पुस्तकांना संशोधक अ. का. प्रियोळकरांनी दोलामुद्रिते हे सुंदर नाव दिले: छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तके. त्यांतली कित्येक शिळाछापाची आहेत आणि त्यांचा कागद आता बोटाला लागून तुटतो. पान उलटणे म्हणजे पान गमावणे, अशी त्यांची अवस्था आहे. अशा पुस्तकांची छायाप्रत करून ठेवणे हे या पंचवीस वर्षांतले ग्रंथालयांनी केलेले सर्वांत मोलाचे काम आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' या नावाने आपला जुना संग्रह डिजिटल केला, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने आपल्या दुर्मीळ ग्रंथांचे ई-ग्रंथालय उभारले. नांदेडच्या विद्यार्थ्याला उद्या तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी कागद आपल्या खोलीत बसून वाचता येतील, ही कल्पना रंगनाथन यांना किती भावली असती!

पण सगळीकडे असे घडले नाही. आम्ही पाहिलेल्या एका ग्रंथालयात दुर्मीळ पुस्तकांची छायाप्रत करून झाली आहे, तिचा समारंभही झाला आहे, आणि ती सगळी पुस्तके एका हार्ड डिस्कमध्ये आहेत. हार्ड डिस्क खोक्यात आहे, खोके कार्यवाहांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे. वाचायला मिळतील का, असे विचारले तर अर्ज करा म्हणाले. अर्ज केला तर कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवू म्हणाले. त्या माणसांविषयी आमच्या मनात राग नाही. शंभर वर्षे ज्यांनी वाळवीपासून, पुरापासून आणि पुस्तक लांबवणाऱ्यांपासून हा ठेवा जपला, त्यांना तो असा सहज सोडून देववत नाही. कागदाच्या पुस्तकाला ते धोरण लागू होते. एकच प्रत, ती गेली की गेली. डिजिटल प्रतीला तेच धोरण लावले, तर छायाप्रत करण्याचा निम्मा हेतूच बुडतो.

कायद्याची अडचण पुढे केली जाते आणि ती काही अंशी खरीही आहे. पण तिची हद्द नीट पाहिली पाहिजे. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरची 60 वर्षे संपली की पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो. हरी नारायण आपटे 1919 मध्ये गेले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1934 मध्ये, लक्ष्मीबाई टिळक 1936 मध्ये. साने गुरुजींचे निधन 1950 चे, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके 2011 च्या पहिल्या दिवसापासून सर्वांची झाली. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांचा तर प्रश्नच नाही. ती सगळी मराठी समाजाची आहेत. ज्यांचा हक्क अजून शिल्लक आहे, त्यांचेही जतन करायला कायद्याने वाट ठेवली आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर, संग्रहात कागदी प्रत असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा आहे. जतन करा, आणि जे खुले आहे ते खुले ठेवा, एवढी स्पष्ट रेषा असताना आपण सरसकट कुलूप लावतो.

त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. ज्याला छापील अक्षर वाचता येत नाही, त्या अपंग वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणायला मुभा मिळाली. दृष्टिहीन वाचकांसाठीचा मराकेश करार 2013 मध्ये झाला आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. 2016 मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. ज्या मुलीला आजवर पुस्तक म्हणजे कुणाच्या तरी सवडीने ऐकायला मिळणारी गोष्ट होती, तिला ते स्वतःच्या वेळी, स्वतःच्या वेगाने, हवे तिथे थांबून वाचता येते. डिजिटल ग्रंथालयाचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, असे विचारले तर आम्ही तिचे नाव घेऊ. पण नुसते पानाचे चित्र काढून ठेवले, तर ते तिच्या उपयोगाचे नाही. यंत्राला त्यातली अक्षरे ओळखता आली पाहिजेत, आणि देवनागरीची जोडाक्षरे, झिजलेले खिळे आणि शिळाछापाचा हाताने लिहिलेला मजकूर इथे यंत्र अजून अडखळते. ते वाचून दुरुस्त करायला मराठी येणारा माणूसच लागतो. छायाप्रतीच्या निविदेत पानांची संख्या असते, वाचून दुरुस्त करण्याचे काम त्यात सहसा धरलेले नसते.

शोधण्याचीही तीच गोष्ट. त्या संध्याकाळी आम्ही वाचनालयाच्या संगणकावर कोकणातल्या प्रवासाचे एक जुने पुस्तक शोधले. नाव ठाऊक होते, ते टाइप केले. नोंद आढळली नाही. लेखकाचे आडनाव टाकले. नोंद आढळली नाही. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "पुस्तक कधीचं आहे?" 1920 च्या आसपासचे, आम्ही म्हणालो. "मग अनुस्वार द्या. 'कांहीं' असं लिहा, दोन्हींवर टिंब." पुस्तक लगेच पडद्यावर आले. 1962 मध्ये मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पण त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ते आहेत, आणि दाखल नोंदवहीत पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावर असेल तसेच लिहायचे असते. तालिकापत्रांच्या खणात हात घालणाऱ्याला हे टिंब अडवत नव्हते. पत्रे चाळता चाळता डोळा ते ओळखायचा. संगणकाला टिंब असलेला शब्द आणि टिंब नसलेला शब्द हे दोन परके शब्द वाटतात.

यात लेखकांच्या आद्याक्षरांचा गोंधळ मिसळा. कुणी पु. ल. असे टिंब देऊन लिहिले, कुणी टिंबाविना, कुणी पुरुषोत्तम लक्ष्मण असे पूर्ण. शिवाय युनिकोड येण्याआधी ज्या ग्रंथालयांनी उत्साहाने संगणकीकरण केले, त्यांच्या नोंदी जुन्या मराठी टंकांत अडकल्या. टंक बदलला की अक्षरांच्या जागी चौकोन आणि चिन्हे दिसू लागली. काहींना हजारो नोंदी दुसऱ्यांदा टाइप कराव्या लागल्या. ग्रंथालयांसाठी 'कोहा' नावाची प्रणाली आज जगभर फुकट उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालय संस्थेसाठी ती तयार झाली, 2000 मध्ये वापरात आली, आणि माओरी भाषेत तिच्या नावाचा अर्थच भेट असा आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही मोफत मिळते. म्हणजे अवजाराला पैसे लागत नाहीत. लागते ती मराठी पुस्तकाची ओळख असलेली नोंद. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची 1944 मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढचा 1950 पर्यंतचा भाग 1961 मध्ये आणला. संगणक नसताना एका माणसाच्या चिकाटीतून ते काम उभे राहिले. आज राज्यातली सगळी मान्यताप्राप्त ग्रंथालये मिळून एक सामाईक, जुन्या-नव्या शुद्धलेखनाचा मेळ घालणारी मराठी तालिका का होऊ नये, या प्रश्नाला आम्हाला तरी समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

आता रस्त्याकडे येऊ.

मोटार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, आपल्या भाषेत 135 चौरस फुटांच्या आसपास. एवढ्या खोलीत महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांचे, सरकारी अनुदानाच्या सर्वांत खालच्या 'ड' वर्गातले वाचनालय चालते: दोन लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांचे एक टेबल, चार खुर्च्या. त्या खोलीचे भाडे भरताना संस्थेच्या नाकी नऊ येतात. शहराच्या मध्यभागी तेवढीच जागा, जिचा बाजारभाव ऐकून छाती दडपते, एखादी गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत बिनपैशांत अडवून ठेवते. ती गाडी बहुतेक वेळा वाचकाची नसते. ती समोरच्या दुकानाच्या मालकाची किंवा वरच्या मजल्यावरच्या कचेरीतल्या नोकरदाराची असते. जो दहा मिनिटांसाठी येतो, तो चकरा मारतो.

अमेरिकेतले नगरनियोजनाचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर याच एका गोष्टीचा अभ्यास केला. 2005 मध्ये त्यांनी या फुकट जागेच्या किमतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की रस्त्यावरची जागा फुकट दिली की तिची किंमत नाहीशी होत नाही. ती चकरा मारणाऱ्याच्या वेळात, धुरात आणि पायी चालणाऱ्याच्या गैरसोयीत फेडली जाते. दर इतकाच असावा की प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा नेहमी मोकळी सापडेल. आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते: आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च व्हावा. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या जुन्या भागात 1993 मध्ये मीटर बसले, तेव्हा आलेल्या पैशातून तिथलेच पदपथ, तिथलेच दिवे झाले, आणि विरोध करणारे व्यापारी राजी झाले.

शूप यांचा विचार यंत्राच्या मदतीने पडताळला तो सॅन फ्रान्सिस्कोने. 2011 मध्ये तिथे काही हजार जागांखाली संवेदक बसवले. गाडीचे लोखंड वर आले की तिथल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म बदल होतो, तो टिपून जागा भरली की मोकळी, हे कळते. त्या मोजणीवरून दर काही आठवड्यांनी, त्या त्या रस्त्याच्या, त्या त्या वेळेचा दर थोडा वर किंवा थोडा खाली केला गेला. लोकांना वाटले होते की ही दरवाढीची पळवाट आहे. प्रत्यक्षात सरासरी दर थोडा उतरलाच, कारण जिथे गर्दी नव्हती तिथे तो कमी झाला. दोन-तीन वर्षांत संवेदकांच्या बॅटऱ्या संपत आल्या आणि ते बंद करण्यात आले. पण नगरपालिकेने तोवर शिकून घेतले होते. मीटरवर जमा होणाऱ्या पैशाच्या नोंदींवरूनच गर्दीचा अंदाज घेत तीच पद्धत पुढे शहरभर लागू केली. यंत्र गेले, रीत राहिली. आपल्या महापालिकांनी या प्रयोगातून नेमके हे घ्यावे. आपल्याकडे बरेचदा यंत्र येते आणि रीत येतच नाही.

पुण्याचेच पाहा. 2018 मध्ये शहरात माणसांपेक्षा वाहने जास्त झाली: 35 लाखांच्या आसपास माणसे आणि 36 लाखांहून अधिक वाहने. त्याच वर्षी महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने वाहनतळ धोरण मंजूर केले. विरोध झाला, धोरण मोजक्या रस्त्यांपुरते प्रायोगिक करायचे ठरले, आणि मग वर्षे उलटली. विरोध करणाऱ्यांचेही सगळे चुकीचे नव्हते. बसची वाट पाहून थकलेला माणूस दुचाकी घेतो आणि मग त्या दुचाकीचे पैसे त्याच्याचकडून मागितले जातात, तेव्हा तो चिडतो. आधी बस द्या, मग पैसे घ्या, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच आलेला पैसा कुठे जातो, हे त्याला त्याच रस्त्यावर दिसायला हवे. जपानने 1962 पासून गाडी घेणाऱ्याकडे ती ठेवायला जागा असल्याचा दाखला मागायला सुरुवात केली. आपल्याकडेही तशी चर्चा अधूनमधून होते. पण दाखला मागायचा तर तो खोटा मिळणार नाही, एवढी तयारी आधी हवी.

रस्त्यावर फुकट जागा धरण्याची सवय ग्रंथालयाच्या आतही आली आहे. आज वाचनालयांत सर्वांत गर्दी असते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची मुले पहाटे येतात आणि खुर्चीवर दप्तर ठेवतात. चहाला, जेवणाला, क्लासला जातात. दप्तर बसून असते. नंतर आलेला मुलगा जिन्यात उभा राहून नोट्स वाचतो. एका ठिकाणी मुलांनीच यावर तोड काढली. खुर्च्यांना क्रमांक दिले, दारात संगणकावर नोंद ठेवली, आणि अर्ध्या तासाहून जास्त खुर्ची रिकामी राहिली की ती पुढच्याला द्यायची असे ठरवले. आम्ही पाहिले तेव्हा एक मुलगी दुसऱ्याचे दप्तर अलगद उचलून खिडकीत ठेवत होती. पुस्तके सरळ राहतील, पाण्याची बाटली आडवी होणार नाही, अशी काळजी घेत. तो मुलगा परत आला, त्याने दप्तर घेतले आणि रांगेत नाव लिहिले. भांडण झाले नाही, कारण नियम सर्वांनी मिळून केला होता आणि तो फलकावर सर्वांना दिसत होता. तंत्रज्ञान तिथे एका जुन्या संगणकाएवढेच होते.

एक काळजी मात्र ग्रंथालय आणि वाहनतळ, दोन्ही ठिकाणी सारखी आहे आणि ती आज बोलून दाखवली पाहिजे. ग्रंथालयांत पूर्वी ब्राऊन पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड, प्रत्येक वाचकाचा एक कागदी खिसा. पुस्तक नेले की त्याचे कार्ड वाचकाच्या खिशात; पुस्तक परत आले की कार्ड पुन्हा पुस्तकात. त्या क्षणी या वाचकाने हे पुस्तक वाचले होते, ही गोष्ट पुसली जायची. त्या पद्धतीला विसरता येत होते. संगणक विसरत नाही. कुणी कुठल्या वर्षी कुठल्या आजारावरचे, कुठल्या धर्मावरचे, कुठल्या राजकीय विचाराचे पुस्तक नेले, हे त्यात राहते. वाहनतळाच्या फाटक्या पावतीचीही तीच गोष्ट होती. आता कॅमेरा क्रमांक टिपतो आणि तुम्ही कुठे, किती वाजता, किती वेळ होतात हे साठते. 2023 मध्ये आपण व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. पण ग्रंथालयाच्या संगणकातली देवघेवीची नोंद पुस्तक परत आल्यावर किती दिवसांनी पुसायची, हे किती कार्यकारिणींनी ठरवले आहे? आम्ही ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी कुणीही ठरवलेले नव्हते. प्रश्न ऐकून मात्र प्रत्येकजण क्षणभर थांबला.

आणि रोख पैसे. वाहनतळ ॲपवरच चालेल, वर्गणी मोबाइलवरूनच भरा, असे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी स्कूटरवरचे ते गृहस्थ दोन्ही दारांतून बाहेर राहतील. खिडकीत माणूस हवा आणि त्याच्याकडे सुटे पैसे हवेत.

आमचे मागणे फार मोठे नाही. शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाच्या दारासमोर चार-सहा जागा अर्ध्या तासापुरत्या राखून ठेवाव्यात आणि त्या अर्ध्या तासाचे पालन होते की नाही, हे पाहायला यंत्र वापरावे. त्या गल्लीत पार्किंगचे पैसे घेतले गेले, तर त्यांतला वाटा त्या वाचनालयाला मिळावा. अपंग वाचकाची जागा वेगळी असावी आणि तिथून आत जायला उतार असावा. ज्या पुस्तकांचा हक्क संपला आहे, त्यांच्या डिजिटल प्रती कार्यवाहांच्या कपाटातून बाहेर याव्यात. आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाला, जो 1967 चा आहे, डिजिटल संग्रहाची ओळख करून द्यावी. अनुदानाच्या निकषांत पुस्तकांची आणि सभासदांची संख्या मोजतात, तशी खुली केलेली पाने मोजावीत, आणि ती वाचून शुद्ध करणाऱ्या माणसाचे वेतनही धरावे.

त्या संध्याकाळी वाचनालयातून निघताना बाईंनी टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढून दाखवली. डाव्या बाजूला जुने रूप, उजव्या बाजूला नवे. 'कांहीं' आणि काही. 'त्यांत' आणि त्यात. 'नांव' आणि नाव. पुढच्या पानांवर लेखकांची टोपणनावे, आद्याक्षरांची सगळी रूपे, लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिका, दोन प्रकाशकांनी दोन नावांनी काढलेले एकच पुस्तक. निळ्या शाईतल्या नोंदी जुन्या, काळ्या शाईतल्या अलीकडच्या. अठ्ठावीस वर्षांत वाचकांनी विचारलेल्या आणि संगणकाला न सापडलेल्या पुस्तकांमधून ही वही भरत गेली आहे. त्या येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. वही कुणाला देणार, असे आम्ही विचारले. त्यांनी ती पुन्हा खणात ठेवली, खण लावला आणि म्हणाल्या, "अजून कुणी मागितली नाही."